परतीची वाटही सांगावी लागते



विषय सांगितला की काही जणी रेडिओचा आवाज कमी करतील, म्हणून आधीच विनंती करते, पाच मिनिटं तरी ऐका. आज आपण राउटरबद्दल बोलणार आहोत. राउटर म्हणजे भिंतीवर टांगलेली, हिरवे दिवे लुकलुकणारी ती डबी, जिच्यातून घरभर वायफाय मिळतं. पूर्वी घरात एकच असायची. आता वरच्या मजल्यावर एक, दुकानात एक, मागच्या खोलीत एक, अशा दोन-तीन झाल्यात. प्रत्येक डबी आपापल्या जागी नीट चालते. पण खालच्या लॅपटॉपवरून वरच्या प्रिंटरला कागद पाठवायचा म्हटलं, की जात नाही. कॅमेरा वर दिसतो, खाली दिसत नाही. मग माणूस बोलवा. तो दोन दिवसांनी येणार, काहीतरी दाबणार, पैसे घेणार आणि काय केलं ते न सांगता जाणार.

हे काम आपल्याला समजण्यासारखं आहे, करण्यासारखंही आहे. पण त्यासाठी आधी पोस्टाची एक गोष्ट सांगते.

आपल्याकडे पिंपळगाव नावाची गावं किती आहेत, आठवून बघा. पिंपळगाव बसवंत सगळ्यांना माहीत. पण नुसतं ‘पिंपळगाव’ लिहून पत्र टाकलं तर पोस्टाने ते कुठल्या पिंपळगावला न्यायचं? देशभरात तर एकाच नावाची कितीतरी गावं. त्यात पत्ता कधी मराठीत, कधी तमिळमध्ये, कधी बंगालीत. यावर उपाय काढला एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्यांचं नाव. पोस्ट आणि तार खात्यात मोठे अधिकारी, आणि शिवाय संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांची पिन कोडची पद्धत देशात सुरू झाली.

पिन कोडचे आकडे सहा. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून पत्रं कुठल्या भागात निवडायची ते कळतं. ४२२ म्हणजे नाशिक आणि आसपासचा भाग. मालेगाव, मनमाड, येवला इकडचे पिन ४२३ ने सुरू होतात. शेवटचे तीन आकडे म्हणजे नेमकं पोस्ट ऑफिस. नाशिकचं मुख्य पोस्ट ऑफिस ४२२००१.

आता यातली गंमत बघा. कोलकात्याला पत्रं निवडायला बसलेल्या माणसाला पंचवटी कुठे आहे, हे ठाऊक असण्याची गरजच नाही. तो ४ बघतो आणि पत्र इकडच्या गठ्ठ्यात टाकतो. पुढचा माणूस ४२२ बघतो आणि नाशिकच्या थैलीत टाकतो. नाशिकचा माणूस शेवटचे तीन आकडे बघतो. गल्ली कुठली, वाडा कुठला, जिना कुठून, हे फक्त पोस्टमनला माहीत. सगळा रस्ता कुणालाच माहीत नाही. प्रत्येकाला एवढंच माहीत, की असा आकडा आला तर तो पुढे कुणाच्या हाती द्यायचा.

राउटर हेच काम करतो. आलेलं पत्र बघायचं आणि पुढच्याच्या हाती द्यायचं. आपण याला ‘वाटेला लावणं’ म्हणू या. ‘वाट लावणं’ म्हटलं तर अर्थ भलताच होतो!

पोस्टाला जसा पिन कोड, तसा आपल्या प्रत्येक मोबाइलला, लॅपटॉपला, प्रिंटरला एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. चार आकडे आणि मध्ये टिंबं. उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. घरच्या राउटरमध्ये बहुतेक वेळा पहिले तीन आकडे म्हणजे वस्ती आणि शेवटचा आकडा म्हणजे घर क्रमांक. म्हणजे १९२.१६८.१ ही वस्ती, त्यातलं २० नंबरचं घर. सेटिंगमध्ये ‘सबनेट मास्क’ असा एक शब्द दिसतो आणि पुढे २५५.२५५.२५५.० असं लिहिलेलं असतं. त्याला घाबरायचं कारण नाही. जिथे २५५ आहे तो आकडा वस्तीचा, जिथे शून्य आहे तो घराचा, एवढाच त्याचा अर्थ.

लॅपटॉप काही पाठवताना आधी पत्ता बघतो. पत्ता आपल्याच वस्तीतला असेल तर थेट देतो. दुसऱ्या वस्तीतला असेल तर वेशीवर नेऊन देतो. ही वेस म्हणजे आपला राउटर. सेटिंगमध्ये तिला ‘गेटवे’ म्हणतात. एका घरात एकच राउटर असेल, तर त्याला दोनच गोष्टी माहीत असाव्या लागतात. आपल्या वस्तीतलं आपण वाटायचं, बाकी सगळं इंटरनेट कंपनीच्या हाती द्यायचं. खरी अडचण दुसरा राउटर आला की सुरू होते.

तुमच्या घरातल्या फोनचा पत्ता १९२.१६८.१.२० आणि माझ्या घरातल्या फोनचाही तोच, असं असू शकतं. मग गोंधळ कसा होत नाही? महात्मा गांधी रस्ता नाशिकला आहे, पुण्यातही आहे. नाशिकमध्ये रिक्षावाल्याला सांगितलं तर तो तुम्हाला पुण्याला नेत नाही. तसे काही आकडे जगाने मिळून फक्त घरातल्या वापरासाठी राखून ठेवलेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. १९९६ साली हा नियम पक्का लिहिला गेला. हे पत्ते घराबाहेर चालत नाहीत. मग घराबाहेर पत्र जातं कसं?

आठवा, पूर्वी वाड्यात भाडेकरू राहायचे. त्यांच्या पत्रावर ‘द्वारा’ लिहून वाड्याच्या मालकाचं नाव असायचं. पत्र मालकाच्या नावाने यायचं, आणि मालक ते ज्याचं त्याला नेऊन द्यायचा. राउटर असंच करतो. घरातल्या सगळ्यांची पत्रं तो स्वतःच्या नावाने बाहेर पाठवतो, कुणाचं कुठलं याची टिपणी ठेवतो, आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. या सोयीला ‘नॅट’ म्हणतात. यात एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही पत्र पाठवलंत तर उत्तर तुमच्यापर्यंत येईल. पण बाहेरचा कुणी आपणहून तुम्हाला शोधत आला, तर मालक त्याला दारातून परत पाठवतो. त्याच्या टिपणीत तुमचं नावच नसतं.

आता घरातली गोष्ट सांगते. आमचा वाडा पंचवटीतला, जुना. भिंती हातभर जाड. त्यातून वायफाय जात नाही, आणि जुन्या नाशकात राहणाऱ्या कितीतरी जणींचा हाच अनुभव असेल. खाली मोठ्या जाऊबाईंचं घर, तिथे इंटरनेटची जोडणी. वरच्या माडीवर आमच्या बचतगटाचं काम चालतं. चटण्या, मसाले, दिवाळीला फराळ. माडीवर नेट पोचेना म्हणून तिथे दुसरा राउटर लावून घेतला. खालून एक केबल वर नेली आणि तिचं टोक वरच्या राउटरला जोडलं. वर नेट सुरू झालं. सगळे खूश.

पण हिशेब आणि लेबलांचं काम जाऊबाईंकडे. त्यांचा लॅपटॉप खाली, आणि लेबलं छापायचा प्रिंटर वर, पॅकिंगच्या टेबलाशेजारी. खाण्याच्या पाकिटावर लेबल लागतंच. घटक, वजन, तयार केल्याची तारीख, अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक. लेबल नाही तर माल दुकानात ठेवून घेत नाहीत. दिवाळीच्या आधी आठ दिवस राहिलेले, शंकरपाळ्यांची पाकिटं भरून तयार, आणि खालून वर लेबल काही जाईना. आलेल्या कारागिराने सांगितलं, "दोन्ही वेगळे आहेत ताई, जोडता येत नाहीत. सगळं नवीन घ्या." जाऊबाई म्हणाल्या, "अगं, चुली वेगळ्या झाल्या म्हणून मधलं दार कुणी बुजवतं का?"

त्या अगदी बरोबर बोलल्या. दार बुजलेलं नव्हतं. वरचा राउटर ‘द्वारा’वाला मालक होऊन बसला होता. वरून खाली पत्र जायचं, कारण वरचे लोक त्याच्या टिपणीत होते. खालून वर कुणी आलं, की तो दारातूनच परत पाठवायचा.

अशा वेळी दोन उपाय असतात. पहिला सोपा आहे, आणि बहुतेक घरांना तेवढाच पुरतो. वरच्या राउटरला मालकी सोडायला लावायची. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ असा पर्याय असतो, तो निवडायचा. पर्याय नसेल तर तीन कामं करायची. एक, वरच्या राउटरला खालच्याच वस्तीतला, पण दुसऱ्या कुणाचा नसलेला पत्ता द्यायचा, समजा १९२.१६८.१.२. दोन, पत्ते वाटण्याचं त्याचं काम बंद करायचं. सेटिंगमध्ये याला ‘डीएचसीपी’ म्हणतात. एका घरात पत्ते वाटणारा एकच असावा, नाहीतर दोघांना एकच घर क्रमांक मिळतो आणि भांडण लागतं. तीन, केबल ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेतून काढून ‘लॅन’ लिहिलेल्या खाचेत घालायची. झालं. वर आणि खाली मिळून एकच वस्ती. सगळं सगळ्यांना दिसतं.

पण सगळं सगळ्यांना दिसणं नेहमी बरं असतं का? आमच्या माडीवर दहा बायका येतात, त्यांचे फोन असतात, माल न्यायला येणारे असतात, ते पासवर्ड मागतात. खाली घरातल्या मुलींचे फोन, जाऊबाईंचा बँकेच्या कामाचा लॅपटॉप, सासूबाईंच्या खोलीतला कॅमेरा. हे सगळं एका वस्तीत नको, असं आम्हा दोघींचं मत पडलं. वस्त्या दोनच राहू द्यात, पण मधून ये-जा असावी, आणि ती आपण ठरवू तेवढीच. हा दुसरा उपाय. खऱ्या अर्थाने वाटेला लावण्याचं काम इथे आहे.

सेटिंगला हात लावण्याआधी एक वही घ्या आणि चित्र काढा. खालचा राउटर, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. वरचा राउटर. त्याला पत्ते दोन, कारण त्याचं एक तोंड खालच्या वस्तीकडे आणि एक वरच्या. खालच्या बाजूचं तोंड १९२.१६८.१.२. वरच्या बाजूचं १९२.१६८.२.१. वरची वस्ती १९२.१६८.२, खालची १९२.१६८.१. दोन्ही वस्त्यांचे आकडे वेगळे हवेत, हे पहिलं पथ्य. नवीन राउटर दुकानातून येतो तेव्हा अनेकदा दोन्हींचा आकडा सारखाच असतो. मग राउटरला वाटतं, हे तर आपल्याच वस्तीतलं, आणि तो पत्र पुढे देतच नाही.

चित्र झालं, की वरच्या राउटरमध्ये नॅट बंद करायचं. काही स्वस्त राउटरमध्ये ही सोय नसते, म्हणून विकत घेतानाच विचारून घ्या. त्याचा गेटवे १९२.१६८.१.१ असा लिहायचा, म्हणजे वरच्या वस्तीबाहेरचं सगळं तो खालच्याच्या हाती देईल.

एवढं केलं की काय होतं माहीत आहे? वरचं नेट बंद पडतं! इथे भल्याभल्यांचा धीर सुटतो आणि ते सगळं पूर्वीसारखं करून टाकतात. थांबा. नेट का गेलं, ते बघा.

माडीवरच्या फोनने एक पत्र पाठवलं. ते वरच्या राउटरकडे गेलं, त्याने खालच्याकडे दिलं, खालच्याने आपल्या नावाने बाहेर पाठवलं. पत्र अगदी व्यवस्थित पोचलं. उत्तरही आलं. खालच्या राउटरने टिपणी बघितली. उत्तर आहे १९२.१६८.२.३० साठी. आता ही १९२.१६८.२ वस्ती कुठली? त्याला तर फक्त स्वतःची वस्ती माहीत. आपल्या वस्तीतलं नाही, म्हणजे बाहेरचं, असं म्हणून तो ते इंटरनेट कंपनीकडे ढकलतो, आणि तिकडे ते हरवतं. जाण्याची वाट सांगितली होती, परतीची कुणी सांगितलीच नव्हती.

राउटरच्या जोडणीतले बहुतेक घोटाळे इथलेच असतात. आपण एका टोकाला उभ्या राहून ‘पत्र जात नाही’ म्हणतो. पत्र गेलेलं असतं, उत्तराला घर सापडत नसतं. आपण नाशिककर सिंहस्थ बघितलेल्या आहोत. रामकुंडाकडे लोक कसे जातील एवढं ठरवून भागत नाही, स्नान करून कुठून परततील हेही ठरवावं लागतं, आणि त्याचे फलक आधीच लागतात. राउटरचंही तसंच आहे.

म्हणून आता खालच्या राउटरमध्ये एक ओळ लिहायची. सेटिंगमध्ये ‘स्टॅटिक रूट’ असं पान शोधा. तिथे तीन रकाने असतात. कुठली वस्ती: १९२.१६८.२.०. मास्क: २५५.२५५.२५५.०. कुणाच्या हाती द्यायचं: १९२.१६८.१.२. म्हणजे आपण खालच्याला सांगितलं, "अरे, त्या वस्तीतलं काही आलं तर ते वरच्याला दे, तो पोचवेल." आकडे इंग्रजीत टाका आणि जतन करा. वरचं नेट परत येतं.

दोन अडसर अजून असू शकतात. एक म्हणजे पहारा, त्याला ‘फायरवॉल’ म्हणतात. नॅट बंद केलं तरी वरच्या राउटरचा पहारेकरी खालून येणाऱ्याला अडवू शकतो. त्याला सांगावं लागतं, की जाऊबाईंच्या लॅपटॉपवरून प्रिंटरकडे येणारं आत सोड, बाकीचं नको. याच्या उलटही करा. माडीवरच्या फोनांना इंटरनेटला जाऊ द्या, पण खालच्या घरातल्या लॅपटॉपकडे आणि कॅमेऱ्याकडे नको. दुसरा अडसर कंपनीच्या राउटरचा. काही राउटर फक्त स्वतःच्या वस्तीतल्या पत्रांवरच ‘द्वारा’ लिहितात, आणि काहींमध्ये स्टॅटिक रूटचं पानच कुलूपबंद असतं. अशा वेळी कंपनीच्या डबीमागे स्वतःचा एक चांगला राउटर मुख्य म्हणून ठेवायचा आणि बाकीचे त्याला जोडायचे.

आणखी एक बारीक गोष्ट. लॅपटॉपचं पत्र खालच्या राउटरमार्फत वर जातं, पण वरचा राउटर उत्तर थेट लॅपटॉपला देतो, कारण त्याचं एक तोंड खालच्याच वस्तीत आहे. खालच्या राउटरला हे कधी कधी रुचत नाही. जाणारं बघितलं, येणारं बघितलं नाही, म्हणून तो पुढची पत्रं संशयाने अडवतो. तसं झालं तर तीच तीन रकान्यांची ओळ लॅपटॉपमध्येही लिहिता येते, म्हणजे लॅपटॉप सरळ वरच्याशीच बोलतो.

आता प्रिंटर. लॅपटॉपवर ‘प्रिंटर शोधा’ दाबलं तर तो सापडणार नाही. कारण असं शोधणं म्हणजे अंगणात उभं राहून हाक मारणं आहे. ती हाक आपल्या वस्तीपुरतीच ऐकू जाते, राउटर ती पलीकडे नेत नाही. म्हणून प्रिंटरला कायमचा एक पत्ता द्यायचा, समजा १९२.१६८.२.५०, आणि लॅपटॉपमध्ये प्रिंटर जोडताना तो पत्ता हाताने लिहायचा. आमच्याकडे पहिलं लेबल छापून आलं तेव्हा माडीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळच्या टेम्पोने पाकिटं गेली.

कुठे अडलंय हे शोधायलाही एक सोपी रीत आहे. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून ‘पिंग’ असं इंग्रजीत लिहायचं आणि पुढे पत्ता. म्हणजे त्या पत्त्यावर ‘आहेस का?’ अशी हाक जाते आणि ‘आहे’ असं उत्तर येतं. एकदम शेवटच्या पत्त्याला हाक मारू नका. जिन्याच्या पायऱ्या चढतो तसं करा. आधी आपला राउटर, १९२.१६८.१.१. मग वरच्याचं खालचं तोंड, १९२.१६८.१.२. मग त्याचं वरचं तोंड, १९२.१६८.२.१. मग प्रिंटर. जिथे उत्तर थांबलं, त्या पायरीवर वही उघडून बघा. जाण्याची ओळ आहे का? परतीची आहे का? पहारेकरी तर अडवत नाही ना?

पुढे मागच्या पडवीत शिकवणी सुरू झाली आणि तिसरा राउटर आला, समजा. तो माडीवरच्या राउटरला जोडला आणि त्याची वस्ती १९२.१६८.३ ठेवली. मग वहीत किती ओळी वाढतील? माडीवरच्याला सांगायचं, की ३ ची वस्ती पडवीवाल्याच्या हाती द्यायची. आणि खालच्यालाही सांगायचं, की ३ ची वस्ती माडीवरच्याच्या हाती द्यायची. खालच्याला पडवीपर्यंतचा सगळा रस्ता सांगायचा नाही. फक्त पुढचा हात सांगायचा, कोलकात्याच्या त्या माणसासारखा.

समजा खालच्यात ओळ लिहिली आणि माडीवरच्यात राहिली. मग खालचा म्हणेल ‘वर ने’, वरचा म्हणेल ‘खाली ने’, आणि पत्र जिन्यातच खालीवर फिरत राहील. पण ते जन्मभर फिरत नाही. प्रत्येक पत्रावर एक आकडा लिहिलेला असतो, अनेकदा ६४. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पत्र टाकून देतात. ही शहाणपणाची सोय आधीपासूनच केलेली आहे.

केबलच्या वेढ्याला मात्र अशी सोय नाही. एकाच राउटरच्या दोन खाचा चुकून एकाच केबलने जोडल्या, किंवा दोन डब्यांमध्ये दोन केबली घातल्या, तर एक हाक गोल गोल फिरत वाढत जाते आणि सगळं जाळं ठप्प होतं. या दुखण्यावरचा उपाय शोधला रेडिया पर्लमन या अमेरिकन बाईंनी, १९८५ साली. जाळ्यातल्या डब्यांनी आपसात बोलून जादा वाटा आपणहून मिटून ठेवायच्या आणि एखादी वाट तुटली की मिटलेली उघडायची, अशी ती युक्ती. तो निबंध लिहिताना त्यांनी सुरुवातीला चक्क एक कविता घातली. आपले वेलणकरही कवी, या बाईही कविता लिहिणाऱ्या. वाटांचा विचार करणाऱ्यांना कवितेचं वावडं नसावं! मोठ्या कचेऱ्यांतल्या डब्यांमध्ये ही युक्ती असते, घरच्या स्वस्त डब्यांत असेलच असं नाही. म्हणून केबलचा वेढा होऊ देऊ नका.

राउटर पाच-दहा झाले की हाताने ओळी लिहिणं जड जातं. मोठं कॉलेज, हॉस्पिटल, कारखाना अशा ठिकाणी राउटर एकमेकांना आपल्या वस्त्या सांगतात आणि जवळची वाट स्वतः काढतात. जवळची वाट काढण्याचं ते गणित एट्सखर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६ साली मांडलं. होणाऱ्या बायकोबरोबर खरेदीला गेले होते, दमून अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॉफीच्या दुकानात बसले, आणि वीस मिनिटांत कागदाशिवाय ते सुचलं, असं ते सांगायचे. आपल्या घरी दोन-तीन राउटर असताना ही यंत्रणा नको. वही पुरते.

वही का महत्त्वाची, तेही सांगते. हे सगळं चार महिने उत्तम चालतं. मग एक दिवस लाइट जाते, परत येते, आणि प्रिंटर पुन्हा गप्प. कारण वरच्या राउटरला खालचा राउटर आपल्या मनाने पत्ता वाटत असेल, तर लाइट आल्यावर तो नवा पत्ता देऊ शकतो. काल १९२.१६८.१.२ होता, आज १९२.१६८.१.७. आणि खालच्यात ओळ आहे, की २ च्या हाती द्या. तिथे आता कुणी राहतच नाही. म्हणून राउटरला आणि प्रिंटरला पत्ते कायमचे लिहून द्या, आणि खालच्या राउटरला सांगा, की ते आकडे दुसऱ्या कुणाला वाटू नकोस. वहीत आणखी दोन गोष्टी लिहा. सेटिंगचं पान उघडण्याचा पासवर्ड, जो राउटरसोबत आलेला असतो तो बदलून. आणि कुठली ओळ कधी व का लिहिली, ते तारखेसह. वही मात्र कुलपात ठेवा.

मैत्रिणींनो, घरातल्या पाण्याचा कॉक कुठे आहे, गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा, मेन स्विच कुठला, हे आपल्याला माहीत असतं. कारण वेळ आली की घरात आपणच असतो. आता त्यात या डबीची भर पडली आहे. तिच्यावर मुलांचा अभ्यास चालतो, गटाचा हिशेब चालतो, परगावच्या मुलीचा चेहरा रात्री त्यातूनच दिसतो. ती दुसऱ्याच्या भरवशावर किती दिवस सोडायची?

या आठवड्यात एवढंच करा. एका कागदावर आपल्या घरातल्या राउटरचं चित्र काढा. प्रत्येक डबीच्या खाली स्टिकर असतो, त्यावरचा पत्ता लिहून घ्या. दोन डब्यांचा आकडा सारखा आहे का, ते बघा. आणि ज्यांच्या घरात वस्त्या वेगळ्या आहेत, त्यांनी प्रत्येक वस्तीसमोर दोन बाण काढा, एक जाण्याचा, एक येण्याचा. ज्या वस्तीसमोर दुसरा बाण काढता येत नाही, तिथली ओळ लिहायची राहिलेली आहे.